कॅलेंडरावरच्या फुल्या

अश्विन शुद्ध अष्टमी, गुरुवार. हजर कुमारिका नऊ: सिंधू, वकिलांकडच्या शालू आणि मालू, मागच्या बिऱ्हाडातली बेबी, पोस्टमास्तरांची कुंदा, माझ्या वर्गातली प्रमिला, गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या जुळ्या उषा-निशा, आणि ऐन वेळी पकडून आणलेली पुजाऱ्यांची पाच वर्षांची नात, जी जेवण होईपर्यंत रडत होती. घरातली माणसं तीन: आई, बाबा आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या आत्या. गैरहजर: मी. घरातच होते, पण गैरहजर. या नावांतलं सिंधूचं तेवढं लक्षात ठेवावं. बाकीच्यांचा पुढच्या हकिकतीशी काही संबंध नाही, पण यादी अर्धवट लिहायची मला सवय नाही.

ही सवय बाबांची. मध्यभारताचं सरकार तेव्हा उन्हाळ्यात इंदूरला असायचं आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला, आणि बाबा सरकारात कारकून असल्यामुळे दसरा झाला की त्यांची ट्रंकही सरकारबरोबर ग्वाल्हेरला निघायची. ट्रंकेत काय जाणार, मागे काय राहणार, परत येताना काय आणायचं, अशा तीन याद्या ते करत आणि मला वाचून दाखवायला लावत. मी अडखळले तर म्हणत, "निमाबाई, यादीत जे नाही ते जगात नाही." इंदूरच्या कृष्णपुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या तीन खोल्यांत त्यामुळे सगळं लिहिलेलं असे. लोणच्याच्या बरण्या कधी हलवायच्या, गहू कधी उन्हात घालायचे, कुणाकडे हळदीकुंकवाला कोण गेलं होतं. स्वयंपाकघराच्या दारामागे एका कापडाच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं असायचं, वर लक्ष्मी आणि खाली तारखा-तिथ्या. त्यावर आई दर महिन्याला एका तारखेखाली लहानसा गोल काढायची. तो गोल कशाचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस आई न्हाणीजवळच्या कोपऱ्यात कांबळ्यावर बसायची आणि आत्या एकट्या स्वयंपाक करायच्या, त्यावरून मी ते समजून घेतलं होतं.

आत्यांविषयी लिहिताना मला सावध राहावं लागतं, कारण त्यांना दुष्ट करून टाकणं फार सोपं आहे. त्या सतराव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे आल्या होत्या. घरात त्यांच्या मालकीची एक काठीवरची सोवळ्याची साडी, एक तांब्या आणि देवघर. देवघरात त्यांचा शब्द शेवटचा, बाहेर कुठेच नाही. नवरात्रात मात्र सगळं घरच देवघर होई. घटाभोवतीच्या मातीत गहू उगवायला लागले की त्या रोज सकाळी वाकून अंकुरांचा रंग बघायच्या. हिरवे असले तर दिवसभर बऱ्या बोलायच्या. पिवळे दिसले तर घरात कुणाचं काय चुकलं, याचा शोध सुरू व्हायचा. परदेशीपुऱ्याच्या बाजूनं गिरणीचा भोंगा वाजायचा, त्याच सुमाराला आई साबुदाणा भिजवायला घ्यायची, आणि मी कान देऊन ऐकायची की आत्या देवघरातून गप्प बाहेर येतात की पुटपुटत.

सिंधू आमच्यापासून चार घरं पलीकडे राहायची. तिचे वडील गिरणीत टाइमकीपर. आईला पाच मुलं आणि सहावं पोटात. सिंधू माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी, उंच, बोलण्यात निम्मं हिंदी, आणि गणितात अशी की बाई फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत ही उत्तर सांगून मोकळी. बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं की मिडलची परीक्षा चांगल्या तऱ्हेनं पास झालीस तर तुला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घेतील, राहण्याखाण्याची सोय तिथेच. सिंधूनं ते इतकं मनावर घेतलं होतं की आम्ही ठिकरी खेळायला लागलो तरी ती मलाच पाढे विचारायची. पण तिच्या घरची एक रीत होती. मुलीला न्हाण आलं की शाळा बंद. तिची मोठी बहीण सुमनताई सहावीत असताना तिला न्हाण आलं, लाडू वाटले, नवं लुगडं नेसवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचं दप्तर धाकट्या भावाला दिलं. पुढच्या माघात ती देवासला सासरी गेली. सुमनताईला शाळेचं प्रेम नव्हतं, त्यामुळे ती रडली नाही. सिंधू मात्र ते दप्तर बघून रडली होती.

आषाढातल्या एका दुपारी शाळेत कवायतीच्या तासाला सिंधू एकदम पांढरी पडली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी जवळ गेले. तिनं परकराचा मागचा घोळ मुठीत धरला होता. मी वर्गात जाऊन शाईची दौत घेऊन आले, ठेच लागल्यासारखं केलं आणि ती तिच्या परकरावर सांडली. बाईंनी माझ्या हातावर दोन छड्या दिल्या आणि आम्हा दोघींना परकर धुवायला घरी पाठवलं. आम्ही घरी गेलोच नाही. नदीवर, राजांच्या समाध्यांच्या छत्र्या आहेत त्यांच्या मागच्या पायऱ्यांवर गेलो. तिथे सिंधूनं माझा हात धरला.

"निमे, मिडल होऊ दे बस. फिर मला घोड्यावर बसवा नाहीतर हत्तीवर. तोवर कोणालाच नाही सांगायचं."

"नाही सांगत."

"ऐसे नहीं. आईच्या गळ्याची शपथ घे."

मी घेतली. त्या वयात शपथ ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची घेतली त्याचं बरंवाईट होतं, हे आम्हाला पाढ्यांइतकंच पक्कं ठाऊक होतं. परीक्षा मार्चात. मी तिथेच बोटांवर मोजलं, आठ वेळा लपवावं लागणार होतं.

लपवण्याची सगळी व्यवस्था मी केली. सिंधू गणितात हुशार असली तरी स्वतःच्या तारखा तिच्या लक्षात राहत नसत. जुन्या धोतराच्या घड्या माझ्या दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकामागे. धुणं शाळेतून येताना नदीवर, वाळवणं छत्रीमागच्या दगडावर, राखणीला एक जण. सिंधूची आई पोटातल्या जिवामुळे हैराण, तिचं सिंधूच्या परकराकडे लक्ष नव्हतं. सगळं नीट चाललं होतं. चूक केली ती माझ्या नीटनेटकेपणानं. तारीख कुठे लिहायची, हा प्रश्न आला तेव्हा मी विचार केला, वहीत लिहिली तर वही कुणी तरी उघडेल. दारामागच्या कॅलेंडरावर आधीच आईच्या खुणा आहेत, त्यात आणखी एक बारीक खूण कुणाला दिसणार? म्हणून मी आषाढात शिसपेन्सिलीनं एक फुली केली, श्रावणात एक, भाद्रपदात एक. आणि पुढची अंदाजानं, अश्विन शुद्ध षष्ठीला, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढून. कार्यालयात आज मी दोनशे माणसांच्या रजा सांभाळते आणि नव्या मुलींना सांगते की गुप्त कागद सगळ्या कागदांत ठेवू नये. हे मी कुठे शिकले, ते त्यांना सांगत नाही.

पंचमीच्या दुपारी आत्या अष्टमी नेमकी कधी लागते ते बघायला कॅलेंडरापाशी गेल्या. मी कडाकण्यांचं पीठ मळत होते. पानं मागे उलटल्याचा आवाज आला, एक, मग दुसरं. माझे हात पिठात होते आणि ते मला एकदम परक्याचे वाटायला लागले. घरात बायका तीन. आत्यांचं वय झालेलं. आईचे गोल. मग फुल्या कुणाच्या, हे कळायला आत्यांना मिडल पास असायची गरज नव्हती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हलका होता.

मी पीठ मळत राहिले. त्यांनी स्वतःच मोजायला सुरुवात केली. आषाढात मी पापडांना हात लावला होता. श्रावणात सोमवारचा नैवेद्य मी वाढला होता. आणि भाद्रपदातली फुली बरोबर महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. त्या दिवशी तर मी देवीपुढे सोळा भाज्यांचं ताट धरून उभी होते. आत्या मटकन पाटावर बसल्या आणि रडायला लागल्या. मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अगं, देवीपुढे," एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. आई बाहेरून आली, तिला सांगण्यात आलं. तिनं कॅलेंडराकडे बघितलं, मग माझ्याकडे. घरात गोमूत्र शिंपडलं गेलं, मळलेलं पीठ गाईला गेलं, कुमारिकांच्या यादीतून माझं नाव गेलं. षष्ठीच्या सकाळी मला न्हाणीजवळच्या कोपऱ्यात कांबळं मिळालं.

मी "त्या माझ्या नाहीत" असं म्हणू शकत होते. त्याच्यापुढचा प्रश्न मात्र एकच होता, आणि त्याचं उत्तर अष्टमीला नऊ पाटांपैकी पहिल्या पाटावर बसणार होतं. सिंधूचं नाव यादीत मीच सर्वांत वर लिहिलं होतं, दरवर्षीप्रमाणे, विचार न करता. ती आली तर देवीपुढे खोटी कुमारिका. न आली तर का नाही आली, याची चौकशी, आणि आत्यांची चौकशी सिंधूच्या घरी पोचायला दुपार लागली नसती. मला तिला भेटता येत नव्हतं. तिला या महिन्याचं झालं की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. माझ्या पानात वरून पोळी पडायची, तांब्यात वरून पाणी. बाबा कोपऱ्यावरून जाताना दुसरीकडे बघायचे, आणि त्यांच्या ट्रंकेच्या याद्या त्या वर्षी कुणी मोठ्यानं वाचल्या नाहीत. संध्याकाळी मागच्या अंगणात मुलींचा भोंडला सुरू झाला की त्यात सिंधूचा आवाज शोधायचा, एवढंच मला काम. षष्ठीला तो ऐकू आला. सप्तमीला आला नाही.

त्याच सप्तमीच्या दुपारी आत्या देवळात कथेला गेल्या होत्या. आई सूप घेऊन माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसली आणि हरभरे निवडायला लागली. खाली मान घालूनच तिनं सांगितलं की माझे कपडे ती धुते, तेव्हा त्या फुल्या माझ्या नाहीत हे तिला पंचमीलाच ठाऊक होतं.

"कुणाच्या?"

शपथ माझ्या घशात होती, आणि जिच्या गळ्याची ती घेतली होती ती समोर बसून हरभरे निवडत होती. मी किती वेळ तग धरला ते आठवत नाही. आपण फार वेळ तग धरला, असं मला वाटायला आवडतं, पण सूप अर्धंही झालं नव्हतं. मी सगळं सांगितलं. शाई, नदी, सुमनताईचं दप्तर, ट्रेनिंग. सांगताना मी आईच्या गळ्याकडे बघत होते.

आईनं एकच विचारलं. "मिडल कधी?"

"मार्चात."

तिनं दोन खडे बाजूला टाकले. "बरं. तू बाजूलाच बस. आत्ता उठलीस तर वन्सं दुसरीकडे बघायला लागतील. आणि मला कळलंय हे सिंधूला सांगू नकोस. पोर घाबरून उद्या यायची नाही."

मी म्हटलं, "पण तिचा उद्या दुसरा-तिसरा दिवस असला तर?"

"असला तर असला," आई म्हणाली आणि सूप घेऊन उठली.

माझ्या कोपऱ्यातून पुढच्या खोलीतल्या माणसांचे फक्त पाय दिसत. अष्टमीला नऊ जोड्या पाय ओळीनं पाटांवर आले. सिंधूचे मला लगेच ओळखू आले, ठिकरी खेळताना उजव्या अंगठ्याचं नख गेलेलं होतं. आई ताम्हण आणि तांब्या घेऊन तिच्यापासूनच सुरुवात करणार होती. मागे आत्यांचे पाय, हलत नसलेले. आईनं पाणी ओतलं आणि सिंधूनं दोन्ही पाय झटकन मागे ओढले.

"काय गं, पाणी गार लागलं?" आईचा आवाज आला, नेहमीसारखा, थोडा चिडवणारा. "टाइमकीपरची लेक आणि एवढी नाजूक? पाय दे इकडे." तिनं सिंधूचा घोटा धरून पाय पुढे घेतला, धुतला, पुसला, कुंकू लावलं, आणि त्या पायांवर डोकं टेकवलं. नंतर इतर आठ जणींपुढे टेकवलं तेवढंच, कमी नाही, जास्त नाही. मग ती पुढच्या पाटाकडे सरकली. आत्यांचे पाय फुलोरा आणायला आत गेले. खीर-पुरीचा वास आला. मी कांबळ्यावर बसून होते आणि मला भूक लागली आहे, हे मला दोन दिवसांत पहिल्यांदा जाणवलं.

नवमीला मला न्हाऊ घातलं. दसऱ्याला सिंधू सोनं द्यायला आली तेव्हा तिनं मला जिन्यात गाठलं. तिचं सप्तमीलाच झालं होतं. दोन परकर घालून ती येऊन बसली होती. "काकूंनी माझ्या पायावर डोकं ठेवलं, निमे. मला वाटलं अब गई मैं." मी तिला काही सांगितलं नाही. आईनंच नको म्हटलं होतं.

एक गोष्ट मात्र आम्ही कुणीच धरली नव्हती. आत्यांच्या लेखी मी मोठी झाले होते, म्हणजे दर महिन्याला मला बाजूला बसणं भाग होतं. मला खरोखरचं न्हाण आलं ते पुढे दीड वर्षानं. तोवर मी सिंधूच्या तारखेला कोपऱ्यात बसत होते. ती शाळेत जात होती आणि मी तिच्या वाटचे दिवस आमच्या घरी बसून काढत होते. आई तोंड अगदी सरळ ठेवून वरून पोळी टाकायची. त्या कोपऱ्यात माझा इतका अभ्यास झाला की मिडलला मी वर्गात दुसरी आले. पहिली सिंधू. एप्रिलात तिच्या घरी न्हाणाचे लाडू वाटले गेले, तेव्हा ट्रेनिंगचं पत्र येऊन पडलं होतं आणि बाईंनी घरी येऊन तिच्या वडिलांशी तासभर वाद घातला होता. मी दोन लाडू खाल्ले.

पण त्याच्या आधी हिवाळा होता. पौषात आईला विषमज्वर झाला. बाबा ग्वाल्हेरला, आत्या देवापुढे, आणि महिनाभर आईच्या खाटेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सिंधू. शाळा सुटली की ती रोज यायची, कपाळावरच्या पट्ट्या बदलायची आणि माझ्याकडे बघायची नाही. मीही तिच्याकडे बघत नसे. माझ्या मनात एकच होतं, आईच्या गळ्याची शपथ मी मोडली. तिच्या मनात काय होतं ते मला कित्येक वर्षांनी कळलं. आपण विटाळात बसून काकूंकडून पाय धुवून घेतले, म्हणून देवी काकूंवर कोपली. विषमज्वर पाण्यातून होतो. आमच्या विहिरीचं पाणी त्या वर्षी कसं होतं तेही मला आठवतं. हे सगळं आज माहीत असून मला त्या महिन्यातला आईच्या श्वासाचा आवाज आठवला की हात थंड पडतात. आई उठली. डाव्या कानानं मात्र तिला तेव्हापासून कमी ऐकू येई. सिंधू पुढे नेहमी तिच्या उजव्या बाजूला बसायची.

सिंधूनं छत्तीस वर्षं गणित शिकवलं. ती आता मुलाकडे विजय नगरला राहते. चार माणसं जमली की ती माझी गोष्ट सांगते. हिनं माझ्यासाठी कोपरा धरला, पण सख्ख्या आईलासुद्धा एक शब्द नाही सांगितला, अशी मैत्रीण मिळत नाही. लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात आणि मी चहा गाळायला आत जाते. आईनं "सांगू नकोस" म्हटलं होतं ते उद्यापुरतं. मी ते चाळीसेक वर्षं ताणलं. आई होती तोवर वाटायचं, तीच कधीतरी हसत सांगून टाकेल. तिनं सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली, आणि आता हे सांगू शकेल असं माणूस एकटी मी उरले.

सिंधू दर अष्टमीला पाण्याचा थेंब न घेता उपास करते, काकूंची क्षमा मागायला. आता तिला साखरेचा आजार आहे. गेल्या अष्टमीला ती देवापुढेच चक्कर येऊन पडली. तिच्या सुनेनं मला फोन केला. "मावशीजी, आप ही समझाओ ना त्यांना. तुमचं ऐकतील." मी दुसऱ्या दिवशी प्रवासी टेम्पोनं विजय नगरला गेले. सिंधू गादीवर बसून माझी वाट बघत होती. मी तिला सकाळी सात, साडेदहा, दुपारी एक, चार, रात्री आठ असं खाण्याचं वेळापत्रक लिहून दिलं, औषधांचं वेगळं केलं, सुनेला समजावून सांगितलं, आणि परत आले. वेळापत्रक त्यांनी फ्रिजवर लावलं आहे आणि ती ते पाळते, अष्टमी सोडून.

या वर्षीच्या घटस्थापनेला आता अकरा दिवस आहेत. आईला ठाऊक होतं, ठाऊक असून तिनं तुझे पाय धुतले, एवढंच तिला सांगायचं आहे. काकूंना कुणी सांगितलं होतं, असं ती लगेच विचारेल. ते सांगणं माझ्याकडून अजून झालेलं नाही.